कोरड्या रानातला डोंगा

गोष्टीतल्या माणसांची शकुबाईला कधी काळजी वाटायची नाही. तिच्यापाशी त्यांच्यासाठी चौकशा असायच्या. तिचा बाप पत्रू ओसरीवर जाळं विणत बसायचा आणि विणता विणता गोष्ट सांगायचा. राक्षसीण आली की बाकीची पोरं डोळे मिटायची आणि शकू विचारायची, "बाबा, ते एवढी मोठी, तं तिचं लुगडं कोण धुते?"

पत्रूच्या हातातला धागा सुटायचा. "तुयासारख्या पोरीले नेते, ते धुते," असं म्हणून तो जाळ्याचं सुटलेलं घर पुन्हा धरायचा.

सावली या तालुक्याच्या गावापासून वैनगंगेच्या अंगाला गेलं की जी गावं लागतात, त्यांतलं हे एक. पन्नासेक उंबरे ढिवरांचे, मासे धरणाऱ्यांचे. उन्हाळ्यात नदी, पावसाळ्यात शेताजवळची लहानशी बोडी आणि मोठा तलाव, मधल्या काळात दुसऱ्याच्या बांधीत, भाताच्या खाचरात, मजुरी. पत्रूच्या सगळ्या गोष्टींत शकूला एकच गोष्ट हवी असायची, डोंगाकुवराची. एका मुलखातला तलाव एक राक्षसीण एका घोटात पिऊन टाकते आणि सात रानांपलीकडे जाऊन झोपते, पाणी तिच्या पोटात. ते परत आणायला निघतो तो डोंगाकुवर. तान्हा असताना तो एका डोंग्यात वाहत आलेला, कोळ्यांनी वाढवलेला. तलवार नाही, घोडा नाही, मंत्र नाही. आहे तो फक्त लाकूड कोरून होडीसारखा केलेला डोंगा. तो डोंगा डोक्यावर पालथा घालून तो कोरड्या रानातून चालत निघतो. वाटेत जो भेटेल तो हसतो. अरे, थेंबभर पाणी नाही आणि तू डोंगा कशाला वाहतोस? त्यावर त्याचं एकच उत्तर असतं. पाणी भेटलं तर?

"पण त्याले कसं माहीत का पाणी भेटन म्हणून?" शकूनं एकदा विचारलं होतं.

"त्याले कुठी माहीत आहे? माहीत मले आहे. अन् तुले आहे, तू धा डाव ऐकली म्हणून. तो बिचारा पहिल्याच डाव चालून राह्यला."

हे उत्तर शकूच्या घशात माशाच्या बारीक काट्यासारखं अडकलं. दुखत नव्हतं, पण गिळलं की जाणवायचं. ज्याला शेवट माहीत नाही, तो एवढं ओझं घेऊन चालतो कसा? तिचं लग्न झालं, लेक साधना झाली, नवरा गेला, माहेरी परत येऊन धाकट्या भावाच्या घराला लागून तिनं एक खोली उभारली. त्या भावानं, मनसारामनं, तिच्यासाठी स्वतः विटा वाहिल्या. तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलं त्या दिवशी तो तिच्या शेजारी नुसता बसून होता. एवढं सगळं झालं, तरी तो काटा होता तिथेच होता.

पत्रूनंतर गोष्टी तिच्याकडे आल्या. पण ऐकणारं कोण? संध्याकाळ झाली की प्रत्येक घरातून मालिकांचे आवाज येत, पोरांचे डोळे मोबाइलमध्ये. बायका एकत्र बसत त्या फक्त दिवसा. उन्हाळ्यात पहाटे रानातून तेंदूपत्ता तोडून आणायचा आणि दुपारी मोहाच्या सावलीत बसून त्याचे पुडे बांधायचे. हात गुंतलेले, तोंड मोकळं. गोष्टीसाठी याहून चांगली वेळ नाही, फक्त एक अडचण होती. दिवसा गोष्ट ऐकली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

त्याच्यावर बायकांनीच तोड काढली होती. गोष्ट सुरू करण्याआधी एक तेंदूचं पान उलटं करायचं आणि दगडाखाली दाबायचं. सगळ्यांचे मामा त्या पानाखाली. गोष्ट संपली की दगड उचलायचा, पान सोडायचं. गोष्ट अर्धी टाकून उठायचं नाही, एवढंच पाळायचं.

त्या वर्षी मे महिन्यात साधना कुरखेड्याहून माहेरपणाला आली होती, तीही बसली होती पुडे बांधायला. शकुबाईच्या गोष्टीतला डोंगाकुवर पाचव्या रानात पोचला होता. डोंग्याला वाळवी लागलेली, त्याच्या पोटात दोन दिवस अन्न नाही. वाटेवर एक म्हातारी भेटते, तिच्या गाडग्यात तांदूळ आहेत पण सरपण नाही. म्हातारी म्हणते, तो सडका डोंगा जाळ, दोघांचं पोट भरेल.

शकुबाई इथपर्यंत आली आणि रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. तेलंगणात मिरची तोडायला गेलेली टोळी परत आली होती. होळीच्या आधी गेलेली माणसं, मनसारामही त्यांतलाच. बायका मांडीवरचे पुडे टाकून उठल्या, शकुबाईही उठली. मनसारामची बायको प्रेमिला सगळ्यांच्या पुढे.

टेम्पोतून सगळे उतरले, मनसाराम उतरला नाही.

"तो मागच्या गाडीत आहे," टोळी नेणारा हेमराज म्हणाला. "तो आदल्या सांजेले कुठीतरी गेला होता. मी तिथी निरोप ठेवला, मागच्या गाडीत बस म्हणून."

मागची गाडी दुसऱ्या दिवशी आली, ती गोंडपिपरीकडच्या माणसांची होती. त्यांना वाटलं होतं, मनसाराम पुढच्या गाडीत गेला.

मनसारामचा फोन लावला की बाईच्या आवाजात तेलुगूत काहीतरी ऐकू यायचं. दोन आठवड्यांनी तेही बंद झालं. ठाण्यात तक्रार दिली, फोटो दिला. हेमराजनं शेतमालकाला फोन केला, मालक म्हणाला, सगळे गेले. रोहिणी गेल्या, मृग गेला. शकुबाई एकदा मोहाखाली जाऊन पाहून आली. दगड बाजूला ढकललेला होता आणि पान बकरीनं खाल्लेलं दिसत होतं. एवढा साडेपाच फुटी माणूस त्या वीतभर पानाखाली अडकेल कसा, हा प्रश्न तिला तिथेही पडलाच. पण साधना परत जाताना रडत म्हणाली, "माय, तू गोष्ट सांगालेच नोको पायजे होती," तेव्हा ती तिची पिशवी उचलून फाट्याकडे चालू लागली. त्या दिवसापासून तिनं गोष्ट सांगितली नाही.

आषाढात दादाजी घरी आला. मनसारामचा चुलत भाऊ, घरातला वडीलधारा. खाटेवर बसून त्यानं आधी पाणी मागितलं आणि मग बराच वेळ ते पितच राहिला.

"पोळा झाला का दिवस करून टाकू," तो शेवटी म्हणाला. "पुतळा करू, जे असन ते रीतीनं करू. त्याच्या जिवाले मोकळं करा लागते. अन् या प्रेमिलेचंही असं किती दिवस ठेवाचं, ना इकडे ना तिकडे?"

प्रेमिला चुलीपुढे पाठमोरी होती. तिनं लाकूड आत सरकवलं.

दादाजी वाईट माणूस नव्हता. त्यानंच ठाण्याच्या खेपा घातल्या होत्या. त्याच्या म्हणण्यात शकुबाईला खोटं काही सापडेना. फक्त दिवस केले की प्रेमिलेचं कुंकू पुसायला जी बाई पुढे येईल ती आपणच असू, हे तिला कळत होतं. घरातल्या विधवेकडेच ते काम येतं. ती आपल्या हाताकडे पाहत राहिली.

श्रावण लागायच्या सुमारास पाटलाच्या बांधीत भाताची रोवणी चालू होती. बायकांची रांग चिखलात वाकलेली, डाव्या हातात परह्याची, भाताच्या रोपांची, जुडी, उजव्या हातानं रोवत मागे मागे सरकायचं. नेहमी या रांगेत गाणी असतात. यंदा शकुबाई आणि प्रेमिला रांगेत असल्या की कोणाला गावं की गाऊ नये ते कळत नसे. नुसता चिखलातून पाय उपसल्याचा आवाज यायचा.

मधेच प्रेमिला म्हणाली, "बाई, त्यानं डोंगा जाळला का?"

शकुबाईला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. कळलं तसा तिचा हात थांबला.

"काय व, दिवसा?" रांगेच्या टोकाकडून अंजनाबाई म्हणाली. अंजनाबाईची जीभ गावात प्रसिद्ध होती. तिला मामा उरला नव्हता, तरी नियम तिलाच जास्त प्रिय. "एक डाव झालं तेवढं पुरे नाई का झालं?"

"आता कोन्ता मामा हरपाचा राह्यला?" प्रेमिला म्हणाली. ती वाकलेलीच होती, हात चालू होता. "सांगा, बाई. मले झोप नाई लागत. त्याचा विचार करतो, तं मधेच त्या म्हातारीचं गाडगं दिसते."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. शकुबाईनं एक रोप रोवलं, दुसरं रोवलं. आवाज कुठून आणावा ते तिला कळेना. मग बापाच्या ओळीनंच सुरुवात केली.

"मंग म्हातारी म्हणते, जाळ. डोंगाकुवराले भूक तं लागलीच होती. त्यानं डोंगा खाली ठेवला. म्हातारीजवळची कुऱ्हाड घेतली."

"घेतली?" अंजनाबाईनं विचारलं. नियम मोडल्याचा तिला एवढ्यात विसर पडला होता.

"घेतली. पण मारण्याआधी तो वाळवीले पुसते. बाई, तू माया डोंगा खाऊन राह्यली, आतमंधी लाकूड किती उरलं, मले सांग. वाळवी म्हणते, मले काय माहीत, मी तं सालीतच आहे. आतमंधी मी गेलीच नाई. मंग तो म्हातारीले म्हणते, वाळवीले माहीत नाई, तुले माहीत नाई, मले माहीत नाई, तं मी जाळू कसा? तो म्हणते, मी समोर जाऊन पुसतो. समोर त्याले बगळा भेटते. बगळ्याले पुसते..."

ती बोलत राहिली आणि बोलता बोलता तिला आपलीच गोष्ट नव्यानं ऐकू येऊ लागली. लहानपणी हे सगळं पुसणं तिला लांबण वाटायचं. बगळा, मुंगी, मोहाचं झाड, कोल्हा, ज्याला त्याला तो पुसतो. कोणाला काहीच माहीत नसतं, कोणाला एवढंसं माहीत असतं. ती बापाला म्हणायची, हे सोड, राक्षसीणीकडे चल. स्वतः सांगतानाही ती हा भाग आखडता घ्यायची. पाणी भेटेलच, अशी त्याची खात्री कुठे आहे या गोष्टीत? खात्री कुठेच नाही. तो फक्त पुसल्याशिवाय ठरवत नाही. पुसत गेला, म्हणून तर चालत गेला.

"बाई," प्रेमिला म्हणाली. ती आता सरळ उभी राहिली होती, दोन्ही हातांवरून चिखल ओघळत होता. "आपण कोणाले पुसलं व?"

"ठाण्यात पुसलं. हेमराजनं फोन केला."

"फोन केला. गेलं कोण?"

गेलं कोणीच नव्हतं. पुरुषांनी फोन केले होते, फोनवर उत्तरं आली होती, ती उत्तरं सगळ्यांनी वाळत घातली होती.

प्रेमिलेनं हातातली जुडी बांधावर ठेवली.

"काय व, पुन्हा अर्धीच?" अंजनाबाई म्हणाली.

"आल्यावर सांगीन," शकुबाई म्हणाली.

दादाजीनं अडवलं नाही, पण समजावलं. "तुमाले तेलगू येते का? कोणत्या रानात जाऊन उभ्या राहान? अन् तिथी काही वाईट आयकाले भेटलं तं?"

"भेटलं तं तुमी म्हणता तसे दिवस करू," प्रेमिला म्हणाली. "कशाचे करून राह्यलो ते माहीत तं असन."

हेमराजनं गावाचं आणि शेतमालकाचं नाव सांगितलं, येतो म्हणाला, पण त्याच्या घरची रोवणी अर्ध्यावर होती. दोघी निघाल्या. गडचिरोली, आष्टी, आलापल्ली. पुढे सिरोंचाचा रस्ता पावसानं खाल्लेला, बस माणसांना उखळात घालून कांडल्यासारखी चालत होती. दोन्ही बाजूंनी सागाचं रान, पानांवर पाणी. शकुबाई या वाटेनं कधी आली नव्हती. दुःखानं निघालेल्या बाईला इतकं पाहावंसं वाटतं याची तिला थोडी लाज वाटली. पण फाट्यावर टोपलीत काय विकतात, दुकानांच्या पाट्या कुठून वेगळ्या व्हायला लागतात, सगळं ती पाहत होती. पूल ओलांडताना गोदावरी एवढी रुंद दिसली की प्रेमिला म्हणाली, "इथी जाळं कोण टाकत असन?" निघाल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

पहिला दिवस वाया गेला. त्या नावाची दोन गावं निघाली, त्या आधी चुकीच्या गावी गेल्या. दुसऱ्या दिवशी शेत सापडलं, मालक नव्हता. त्याची बायको अंगणात मिरच्यांची रिकामी पोती झटकत होती. प्रेमिलेनं मोबाइलवरचा फोटो पुढे धरला आणि मोठ्यानं, सावकाश मराठीत विचारलं, जणू बहिऱ्याशी बोलते आहे. ती बाई तेवढ्याच मोठ्यानं, सावकाश तेलुगूत बोलली. दोघी थांबल्या. मग त्या बाईनं फोटोकडे बोट दाखवलं, स्वतःचा घोटा धरला आणि दोन्ही मुठींनी काठी मोडल्यासारखं केलं. प्रेमिला एक पाऊल मागे सरली. बाई घाईघाईनं मान हलवू लागली, हातानं दंडात सुई टोचल्याचं दाखवलं, आणि रस्त्याकडे हात केला. दवाखाना.

"जिता आहे का?" प्रेमिलेनं शकुबाईला विचारलं. "इचारा नं तिले."

ते हातवाऱ्यांनी कसं विचारायचं, ते शकुबाईला सुचलं नाही.

दवाखान्यात वॉर्ड झाडणारी बाई सिरोंचाकडची निघाली. तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला. "हा? मच्छीवाला? याचा पाय ट्रॅक्टरखाली आला होता. बिना फोनचा, बिना नंबरचा. खाटेवर बसून जाळी शिवाचा. बाजूच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिचा बुढा धीवर. तो बुढाच याले आपलं जाळं आणून द्याचा. सुट्टी झाली, तसा बुढा त्याले घरी घेऊन गेला. मोठ्या तलावाच्या गावाले."

त्या गावात पोचल्या तेव्हा ऊन पडलं होतं. तलाव खरंच मोठा होता, पलीकडचा काठ धूसर. पाळीवर, तलावाच्या बांधावर, एका झोपडीच्या सावलीत मनसाराम बसला होता. उजवा पाय लांब केलेला, मांडीवर जाळं. दाढी वाढलेली. त्यानं वर पाहिलं, पुन्हा जाळ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वर.

"बाई," तो शकुबाईला म्हणाला, "तू इथी कशी?"

प्रेमिला त्याच्यापुढे उकिडवी बसली. त्याचा घोटा दोन्ही हातांत घेऊन तिनं दाबून पाहिला, वळवून पाहिला, मासा ताजा आहे का पाहावं तसा. मग त्याच्या मांडीवरचं जाळं उचलून बाजूला ठेवलं.

हळूहळू कळलं ते असं. परतीच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी म्हणालं होतं, जवळच एवढा मोठा तलाव आहे. तलाव न पाहता ढिवर परत जाईल कसा? पोत्यांच्या ट्रॅक्टरवर बसून निघाला, गचक्यात खाली पडला. चाक पायावरून गेलं, फोनवरूनही. नंबर एकही पाठ नव्हता. एका ट्रकवाल्याजवळ सावलीला निरोप दिला होता.

"सावलीले कोणाले?" शकुबाईनं विचारलं.

"माया गावाचं नाव सांगतलं होतं. असन सांगतलं."

"अन् पाय बरा झाल्यावर?"

"पुरा कुठी झाला? तलावात उभं राहता येत नाई मले, तोल जाते. मले वाटलं, नीट चालाले लागलो का जाईन." तो तलावाकडे पाहत होता. "गावात लंगडत कसा येऊ?"

शकुबाईला खरं तर रागावायचं होतं. पण तिच्या तोंडून प्रश्नच आला. "आम्ही येऊ असं तुले वाटलं नाई का रे?"

मनसाराम खरं बोलायचा प्रयत्न करत होता हे तिला दिसलं.

"पहिले वाटे. बस आली का पाहो. मंग वाटनं बंद झालं. कधी बंद झालं ते मलेच नाई समजलं."

आतून म्हातारा भात आणि माशाचं कालवण घेऊन आला. त्याची म्हातारी दाराशी उभी राहून या दोन अनोळखी बायकांकडे टकमक पाहत होती. तिनं प्रेमिलेच्या कपाळाकडे बोट केलं, मनसारामकडे केलं, आणि समजल्यासारखी मान हलवली. प्रेमिला जेवली. मनसारामशी मात्र बोलली नाही. दुसऱ्या दिवशी निरोप घेतानाही नाही, पुलावरही नाही. बसमध्ये तो कडेला, पाय मधल्या वाटेत लांब केलेला. ती त्याच्या शेजारी, कडक बसलेली. मागच्या बाकावरून शकुबाईला दोघांची डोकी गचक्यांबरोबर एकाच वेळी हलताना दिसत होती.

आलापल्ली मागे पडल्यावर प्रेमिला समोर पाहत म्हणाली, "पोळ्यानंतर तुमचे दिवस कराचे होते. दादाजीभाऊनं गावजेवनाचंही ठरवलं होतं."

बस एका खड्ड्यात उतरली आणि वर आली.

"काय ठेवलं होतं जेवनात?" त्यानं विचारलं.

"वरन-भात. अन् भोपळ्याची भाजी."

"भोपळा?" मनसाराम म्हणाला. "ढिवराच्या जेवनात भोपळा?"

"दिवसाच्या जेवनात मच्छी ठेवते का कोणी?" प्रेमिला त्याच्याकडे वळली. "घरी चला, मंग तुमाले दाखवतो काय ठेवलं आहे ते." आणि मग ती जे बोलायला लागली, ते आष्टी येईपर्यंत थांबली नाही.